लहान खाऱ्या मत्स्यालयासाठी प्राण्यांची निवड

समुद्रातील रंगीत मासे काचेच्या टाकीत पाळण्याची हौस आता मुंबईच्या किनाऱ्यापुरती राहिलेली नाही. 1951 साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात ठाणे जिल्ह्यातील अनेकांनी असे मासे प्रथम पाहिले. तेथील टाक्या मोठ्या होत्या, समुद्र दाराशी होता आणि देखभालीस मत्स्यव्यवसाय खात्याचे जाणकार कर्मचारी होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाजवळ यांपैकी काहीच नसते. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्यास जेथे आरंभ झाला, त्या या वसाहतीत नळाचे पाणी गोडे, घरे लहान आणि उन्हाळा कडक आहे. अशा ठिकाणी खारे मत्स्यालय टिकवणे शक्य आहे. मात्र त्याचे यश टाकीच्या किमतीपेक्षा तीत सोडावयाच्या प्राण्यांच्या निवडीवर अवलंबून असते.

हा विषय गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही समजून घेणे आवश्यक आहे. किनारपट्टीच्या गावांतील तरुण व महिला बचत गट शोभिवंत समुद्री मासे वाढवण्याच्या जोडधंद्याविषयी विचारणा करतात. या धंद्याचे गिऱ्हाईक म्हणजे शहरातील नवशिका हौशी मनुष्य. त्याने चुकीचा प्राणी नेला, तर तो प्राणी मरतो, गिऱ्हाईकाचे पैसे बुडतात आणि तो पुन्हा खरेदीस येत नाही. योग्य प्राणी नेला, तर तो अनेक वर्षे जगतो आणि धंद्यालाही स्थैर्य येते.

टाकीची कुवत

कुरणावर किती जनावरे चरू शकतील हे गवतावरून ठरते. त्याचप्रमाणे टाकीत किती प्राणी जगतील हे पाण्यावरून ठरते. तीन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीत सुमारे 105 लिटर पाणी मावते. वाळू व दगड घातल्यावर, आणि वरची कड मोकळी ठेवल्यावर, प्रत्यक्षात सुमारे 80 लिटर पाणी उरते. नवशिक्याने याहून लहान टाकी घेऊ नये. लहान टाकीत पाणी थोडे असल्याने उष्णता, क्षारता व घाण यांत झपाट्याने फरक पडतो आणि चूक सुधारण्यास अवधी मिळत नाही. भरलेल्या टाकीचे वजन सव्वाशे किलोग्रॅमच्या घरात जाते. म्हणून ती भक्कम व सपाट बैठकीवरच ठेवावी.

खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो. पाणी तापले म्हणजे तो आणखी घटतो. याच कारणामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत जितके मासे सुखाने राहतात, तितके खाऱ्या टाकीत राहू शकत नाहीत. वर सांगितलेल्या टाकीत दोन किंवा तीन लहान मासे ही मर्यादा समजावी.

पाणी तयार करणे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांत खाण्याच्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व सल्फेट यांचाही मोठा वाटा असतो. म्हणून मिठागरातील किंवा स्वयंपाकघरातील मीठ पाण्यात घालून समुद्राचे पाणी तयार होत नाही. मत्स्यालयासाठी तयार केलेले मिश्र मीठच वापरावे. 80 लिटरांस ते सुमारे 3 किलोग्रॅम लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्याने ते एक दिवस हवा सोडून ठेवावे किंवा क्लोरीननाशक औषध घालावे. कूपनलिकेचे पाणी वापरू नये.

ठाण्याची खाडी जवळ आहे म्हणून तेथून पाणी आणण्याचा मोह टाळावा. खाडीच्या पाण्यात शहराचे सांडपाणी व गाळ मिसळतो आणि पावसाळ्यात त्याची क्षारता फार उतरते. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी असे बदल सोसते. परंतु तिला पाण्याबाहेर येण्यास चिखलाची जागा लागते, म्हणून तीही या टाकीस योग्य नव्हे.

घनतामापकावर पाण्याची विशिष्ट घनता 1.023 ते 1.026 यांच्या दरम्यान असावी. उष्णतामान 25 ते 28 अंश सेल्सिअस ठेवावे. ठाण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत खोली याहून पुष्कळ तापते. टाकीवर ऊन पडू देऊ नये व पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याने वारा घालावा. त्यामुळे पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते, परंतु ते आटतेही. आटते ते केवळ पाणी. क्षार टाकीतच राहतात. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवावी आणि घट रोज क्लोरीनविरहित गोड्या पाण्याने भरून काढावी. तेथे खारे पाणी घातल्यास क्षारता वाढत जाते.

जंतूंची शेती प्रथम

शेतात अमोनियम सल्फेट टाकल्यावर जमिनीतील सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, हे शेतकऱ्यांना परिचित आहे. टाकीतही हेच कार्य घडावे लागते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी आहे, आणि समुद्राच्या पाण्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात त्याचा विषारीपणा अधिक असतो. नायट्राइटही अपायकारक असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून पाणी बदलून काढता येते.

हे जंतू वाळूच्या कणांवर व सच्छिद्र दगडांवर वाढतात. त्यासाठी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे वापरावेत. टाकी भरल्यावर कोळंबीचा एक लहान तुकडा त्यात कुजू द्यावा व हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. जंतूंची पुरेशी वाढ होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट प्रथम वाढून नंतर दोन्ही शून्यावर आले व नायट्रेट दिसू लागले, म्हणजे टाकी प्राण्यांस योग्य झाली असे समजावे. तोपर्यंत एकही प्राणी सोडू नये. नवशिक्यांचे बहुतेक मासे याच काळात, टाकी भरल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत मरतात.

योग्य प्राणी

प्राणी निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पूर्ण वाढल्यावर तो 10 सेंटिमीटरांच्या आत राहावा. तयार खाद्य त्याने खावे. सोबत्यांशी त्याने भांडू नये. आणि तो समुद्रातून पकडलेला नसून पैदास केंद्रात जन्मलेला असावा.

1. विदूषक मासा : नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा नवशिक्यास सर्वांत योग्य होय. तो सुमारे 8 सेंटिमीटर वाढतो, दाणेदार खाद्य आनंदाने खातो आणि योग्य निगा राखल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. हा मासा जन्मतः नर असतो. जोडीतील मोठा व वरचढ मासा पुढे मादी बनतो. म्हणून एकाच विणीतील, आकाराने किंचित लहान-मोठी अशी दोन पिल्ले घ्यावीत. त्यांची जोडी आपोआप जुळते. तिसरे पिल्लू घेऊ नये. जोडी त्यास जगू देत नाही. समुद्रफूल नावाच्या मऊ सोंडांच्या प्राण्याच्या आश्रयाने हा मासा निसर्गात राहतो, परंतु टाकीत त्यास त्याची आवश्यकता नसते.

2. गोबी : वाळूवर बसून राहणारा हा शांत मासा निवटीच्याच नात्यातील आहे. काही जातींचे गोबी एका विशिष्ट कोळंबीसह एकाच बिळात राहतात. कोळंबी बीळ खणते आणि तीक्ष्ण दृष्टीचा गोबी पहारा करतो. विदूषक माशांच्या जोडीसोबत एक लहान गोबी पुरे. तो उडी मारून बाहेर पडू नये यासाठी टाकीवर जाळीचे झाकण ठेवावे.

3. बांगाई कार्डिनल : इंडोनेशियातील बांगाई बेटांजवळचा हा संथ मासा सुमारे 8 सेंटिमीटर वाढतो. नर अंडी तोंडात धरून उबवतो. अतिरेकी पकडीमुळे त्याची नैसर्गिक संख्या घटली आहे; म्हणून पैदास केलेलाच मासा मिळत असेल तर, आणि गोबीऐवजी, एक घ्यावा.

4. गोगलगाई व संन्यासी खेकडे : काचेवरील व दगडांवरील शेवाळ खाणाऱ्या तीन-चार गोगलगाई आणि एक-दोन लहान संन्यासी खेकडे टाकी स्वच्छ ठेवण्यास मदत करतात. खेकडा वाढला की त्यास मोठा शंख लागतो. टाकीत रिकामे शंख ठेवले नाहीत, तर तो गोगलगाईस मारून तिचा शंख घेतो.

5. सफाई कोळंबी : माशांच्या अंगावरील परोपजीवी व मृत त्वचा ही वेचून खाते. क्षारतेतील अचानक बदल तिला सोसत नाही, म्हणून टाकी तीन महिने स्थिर राहिल्यानंतरच ती आणावी. माशांच्या रोगावर तांबेयुक्त औषध टाकीत घातल्यास कोळंबी, खेकडे व गोगलगाई मरतात, हे विसरू नये.

टाळावयाचे प्राणी

निळा डॅम्सेल मासा स्वस्त व काटक असल्याने नवशिक्याच्या माथी प्रथम मारला जातो. तो जगतो खरा, परंतु टाकी आपली समजून नंतर आलेल्या प्रत्येक माशास चावतो. निळा सर्जन मासा दुकानात बोटाएवढा दिसतो; पुढे तो सुमारे 30 सेंटिमीटर वाढतो. मंदारिन मासा फार देखणा असला तरी बहुधा केवळ सूक्ष्म जिवंत कवचधारी जीव खातो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. फुलपाखरू माशांच्या अनेक जाती प्रवाळच खातात. सिंहमाशाचे काटे विषारी असून तो तोंडात मावेल तो मासा गिळतो. समुद्रफुलास तीव्र प्रकाश व जुनी, स्थिर टाकी लागते. ते मेले तर सर्व पाणी नासवते.

काही प्राणी कायद्यानेच वर्ज्य आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये समुद्रघोडे, समुद्री काकड्या आणि दगडी प्रवाळ यांना संरक्षण आहे. त्यांना पकडणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. कोकणाच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगड टाकीत घालण्यासाठी उचलू नयेत. याची माहिती कार्यकर्त्यांनी मच्छीमार बांधवांना अवश्य द्यावी. कारण जाळ्यात समुद्रघोडा आल्यास तो विकण्याचा सल्ला देणारा मनुष्य त्यांनाच अडचणीत आणतो.

सोडण्याचा क्रम व देखभाल

टाकी तयार झाल्यावर प्रथम गोगलगाई व खेकडे सोडावेत. दोन आठवड्यांनी विदूषक माशांची जोडी आणावी. आणखी महिन्याने गोबी व शेवटी सफाई कोळंबी आणावी. प्रत्येक नव्या भरतीनंतर अमोनिया तपासावा, कारण वाढलेल्या भारास पुरेसे जंतू वाढण्यास वेळ लागतो. नवा मासा शक्य तर तीन-चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवून अंगावर पांढरे ठिपके, जलद श्वास किंवा खाण्याचा कंटाळा दिसतो काय हे पाहावे. दुकानात मासा खरेदी करण्यापूर्वी तो खातो हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य घालावे. दर पंधरवड्यास 8 लिटर पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घालावे; त्यासाठी सुमारे 300 ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ आदल्या दिवशी विरघळवून ठेवावे. वीज गेल्यास हवा बंद पडते, म्हणून बॅटरीवर चालणारा लहान हवापंप घरात असावा.

पैदाशीचे मासे व गावाचा लाभ

विदूषक माशांची कृत्रिम पैदास भारतात यशस्वी झाली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तामिळनाडूतील मंडपम व केरळातील विळिंजम येथील केंद्रांनी त्याचे तंत्र विकसित केले. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्थानिक महिलांना शोभिवंत कोळंबी वाढवण्याचे शिक्षण दिले. वागळे इस्टेटपासून जवळच, ऐरोली येथे, वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. किनाऱ्यावरील बचत गटांनी अशा संस्थांकडून व मत्स्यव्यवसाय विभागाकडून मार्गदर्शन घ्यावे. पैदास केंद्रातील लहान पिल्ले विक्रीयोग्य होईपर्यंत वाढवण्याचे काम घराजवळ राहून करता येते.

या कामात उतरणाऱ्या गटाने प्रथम वर सांगितल्याप्रमाणे एकच टाकी सहा महिने चालवून पाहावी. पाण्याची तपासणी, खाद्य, आटलेल्या पाण्याची भरपाई व मेलेले प्राणी यांची रोजची नोंद वहीत ठेवावी. ती टाकी सुरळीत चालली तरच भांडवल वाढवावे. मासा विकताना गिऱ्हाईकास टाकी किती लिटरांची व किती आठवड्यांपूर्वी भरली हे विचारावे, आणि टाकी तयार नसल्यास मासा त्या दिवशी देऊ नये.