दिनाराचे तीन आकडे आणि एक ‘सेटर’



१९६५ पर्यंत बहारीनमध्ये रुपया चालत असे. त्या वर्षी १० रुपयांना एक दिनार या दराने दिनार आला. एका दिनाराचे १००० फिल्स, म्हणून आपल्या बिलांवर दशांशचिन्हानंतर तीन आकडे असतात. रुपयाला दोन पुरतात, जपानी येनला एकही लागत नाही. आपल्याला याची सवय झाली आहे, पण सॉफ्टवेअरला ते सांगावे लागते. आपल्यापैकी बरेच जण आणि आता आपली मुलेही या क्षेत्रात आहेत, म्हणून हा विषय.

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम्सना वापरता येणारा तयार कोड. तिच्याकडून माहिती घेणारे फंक्शन ‘गेटर’ आणि तिच्यात माहिती भरणारे ‘सेटर’. एकच लायब्ररी सी, सी प्लस प्लस, जावा अशा अनेक भाषांतून वापरायची असेल, तर या दोघांची आखणी विचारपूर्वक करावी लागते.

चांगले उदाहरण आहे ‘आयसीयू’ या लायब्ररीचे. आयबीएमने ती १९९९ मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि २०१६ पासून ती युनिकोड कन्सॉर्टियमकडे आहे. चलनाला किती दशांश आकडे लागतात, हे सांगणारा गेटर तिच्या सी आणि जावा या दोन्ही आवृत्त्यांत आहे. दिनारासाठी दोन्हीकडे उत्तर ३ च येते.

मजकूर मागताना मात्र पद्धत बदलते. जावामध्ये गेटर सरळ मजकूर हातात देतो. सीमध्ये आपणच जागा द्यायची. फंक्शन त्यात मजकूर भरते आणि किती लांबी लागली ते सांगते. जागा अपुरी पडली, तर तसा एरर कोड मिळतो. रीत त्या त्या भाषेची, अर्थ मात्र सगळीकडे एकच, हा पहिला नियम.

खरी मेख सेटरमध्ये आहे. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत रुपयाचा फॉरमॅट घेऊन ‘सेट-करन्सी’ने दिनार भरला, तर चलन बदलते, पण दशांश आकडे दोनच राहतात. मग १२.३४७ दिनार १२.३५ असे छापले जातात. तीन फिल्स जास्त! अशी हजार बिले झाली की छापील बेरीज आणि खरा हिशेब यांत तीन दिनारांचा फरक. आयसीयूमध्ये त्याच नावाचा सेटर चलनाच्या फॉरमॅटचे दशांश आकडेही बदलतो.

जावाच्या माहितीपत्रकात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे, त्यामुळे तिला चूक म्हणता येणार नाही. पण नाव सारखे पाहून वागणेही सारखे असेल असे धरून चालणाऱ्याची फसगत होते.

म्हणून आखणी करताना तीन गोष्टी पाहाव्यात:

१. एकमेकांवर अवलंबून असलेल्या गोष्टी शक्यतो एकाच सेटरने बदलाव्यात.

२. सेटर काय बदलतो आणि काय बदलत नाही, हे प्रत्येक भाषेच्या माहितीपत्रकात लिहावे.

३. एकच चाचणी सर्व भाषांत चालवावी. रुपया, येन आणि दिनार ही तीन चलने घेतली तरी बरेच दोष उघडे पडतात.

परदेशात लिहिलेल्या अनेक प्रोग्रॅम्समध्ये ‘दोन आकडे’ गृहीत धरलेले असतात. चाचणीच्या यादीत दिनार घालायची आठवण इथे राहणारे आपणच करून देऊ शकतो.