बिनपंख्याचा साठा

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या आहेत. आतली यंत्रं थंड ठेवायला तिथं वातानुकूलन रात्रंदिवस घरघरत असतं. घरातला म्युझिक सर्व्हर काम तेच करतो: साठवायचं, शोधायचं, पाठवायचं. अट एकच जास्त, स्वतः गप्प बसायचं. आलापात तंबोरा एकटाच उरतो तेव्हा शेजारी पंखा गुणगुणायला लागला, तर महागडे स्पीकर घेऊन काय उपयोग?

म्हणून वरच्या दर्जाचे सर्व्हर बहुधा बिनपंख्याचे असतात. रून न्यूक्लियसची धातूची पेटीच आतली उष्णता बाहेर टाकते. कोरियाचा ऑरेंडर गाणं आधी एसएसडीवर उतरवून घेतो आणि फिरत्या हार्ड डिस्कला विश्रांती देतो. पोर्तुगालच्या इन्युओसच्या झेन एमके-३ मध्ये सीडी सरकवली, की तो ती वाचून, नावं आणि मुखपृष्ठ शोधून कपाटात लावून ठेवतो. हार्बर लोकलनं जाऊन काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून सीडी आणणाऱ्यांना याचं मोल कळेल. ते दुकान २९ फेब्रुवारी २०१६ रोजी बंद झालं. सीड्या मात्र घरोघरी आहेतच.

सीडीवरचा एक तास म्हणजे साधारण ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये दाबून ठेवला तर जागा बरीच कमी लागते, आणि मूळ ध्वनीतला एक आकडाही हरवत नाही. त्यामुळे दोन-तीन हजार सीड्या एका टीबीत मावू शकतात. तो टीबी एकाच डिस्कवर ठेवून निर्धास्त राहू नये. दुसरी प्रत हवीच.

आवाजात फरक पडतो का? सर्व्हर आकडे पुढे देतो, त्यांचा ध्वनी करतो तो डॅक. जास्तीचे पैसे जातात ते स्वच्छ वीजपुरवठा, शांतता, बांधणी आणि ॲपसाठी. डॅक चांगला असेल तर आधी स्पीकर आणि खोलीकडे लक्ष द्यावं, असं माझं मत.

खरी तुलना करायची ती शोधात. या यंत्रांची वही पाश्चात्त्य संगीतासाठी आखलेली: कलाकार, अल्बम, संगीतकार. राग कुठल्या रकान्यात लिहायचा? ‘भीमपलास’ आणि ‘भीमपलासी’ यंत्राच्या लेखी दोन वेगळे. फ्लॅकमध्ये ‘राग’, ‘ताल’, ‘प्रहर’ असे आपले रकाने पाडता येतात, पण प्रत्येक सर्व्हर ते दाखवेलच असं नाही. म्हणून काही श्रोते ‘जॉनर’च्या जागी राग भरतात. विकत घेण्याआधी दुकानात आपलीच पाच रेकॉर्डिंगं न्यावीत आणि यमन शोधायला सांगावं. तिथंच पेटीची परीक्षा होते.

बाकीचं काम आपलं: एकेक ध्वनिमुद्रण ऐकायचं, ओळखायचं, रकाना भरायचा. पेटीतल्या घड्याळाला वेळ कळते, प्रहर कळत नाही. तो एकदा भरून ठेवला, की नेरूळच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी सकाळी सहाला यमन लागत नाही.