पद्मिनीचा ‘सेल्फ’ दुखावलाय!

आजोबांची प्रीमियर पद्मिनी तुमच्या वाट्याला आलीय. रंग झाला, सीट कव्हर्स झाली, रविवारी लोणावळ्याला जायचा प्लॅनही झाला. आणि चावी फिरवली की... खर्रर्र! अख्खी सोसायटी खिडकीत.

फियाट ११०० चा हा देशी अवतार ‘पद्मिनी’ या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९७४ पासून बाहेर पडू लागला. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. थोडक्यात, पार्ट्स आता शोधावे लागतात. म्हणूनच ‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणून हा आवाज सोडून देऊ नका. आज थोडक्यात निभावेल, उद्या गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

खर्रर्र येते कुठून?
गॅरेजमध्ये ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात तो स्टार्टर म्हणजे एक छोटी पण दणकट मोटर. तिच्या टोकाला पिनियन असतं, मेकॅनिकच्या भाषेत ‘बेंडिक्स’. चावी फिरवली की सॉलेनॉइड ते पुढे ढकलतो, ते फ्लायव्हीलच्या रिंगच्या दातांत अडकतं आणि इंजिन फिरतं. इंजिन चालू झालं की ते मागे यायला हवं. दातात दात नीट बसले नाहीत, की खर्रर्र.

आधी कान द्या
नुसतंच ‘टक’? बॅटरी, टर्मिनल किंवा सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बघा. मोटर ‘घूं’ करून फिरते, पण इंजिन ढिम्म? बेंडिक्स स्लिप होतंय. इंजिन चालू झाल्यावरही खर्रर्र? पिनियन मागे येत नाहीये, नाहीतर चावीचा स्विच अडकतोय. आणि चावी फिरवताक्षणी खर्रर्र? मग बोल्ट ढिले, पिनियन झिजलेलं, किंवा रिंगचे दात गेलेले.

फुकटातली टेस्ट
बॅटरीपासून सुरुवात करा. चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास हवा. सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. टर्मिनल घासून साफ करा.

मग गंमत बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागांवर थांबतं, त्यामुळे रिंगही तिथेच झिजते. चावी बंद, गाडी टॉप गिअरमध्ये, आणि मित्राच्या मदतीने चारच बोटं पुढे ढकला. आता न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक लावा आणि सेल्फ मारा. आवाज गायब? दोष रिंगचा. आवाज तसाच? संशय सेल्फवर.

आता पाना हातात घ्या
पहिला नियम: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सेल्फची जाड केबल थेट बॅटरीवरून येते. पाना चुकून टेकला तर ठिणग्यांची दिवाळी. गाडीखाली जायचं असेल तर फक्त जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा.

आधी सेल्फचे बोल्ट तपासा. बरेचदा ते आवळले की काम होतं. नाहीतर सेल्फ उतरवा. पिनियनच्या दातांच्या कडा झिजल्यात का? बुश ढिला होऊन शाफ्ट हलतोय का? शाफ्टवर काजळी असेल तर पुसा, पण ग्रीस थापू नका. त्यावर धूळ बसते आणि पिनियन पुन्हा अडकतं. बेंडिक्स, बुश, कार्बन ब्रश हे सगळं ऑटो इलेक्ट्रिशियन बदलून देतो. मुंबईत चोर बाजार, पुण्यात नाना पेठ, चक्कर मारायला हरकत नाही.

रिंग गेली असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवणं आलं. नवी रिंग तापवून फ्लायव्हीलवर बसवतात. गार झाली की ती घट्ट आवळते. नवी मिळतच नसेल, तर जुनीच काढून पाव फेरा सरकवून बसवता येते, म्हणजे चांगले दात कामाच्या जागी येतात. हे काम जाणत्या मिस्त्रीचंच.

तोपर्यंत दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. आणि मेकॅनिक थेट ‘सेल्फ बदलावा लागेल’ म्हणाला, तर एकच सांगा: सेल्फ उतरवलाच आहे, तर टॉर्च मारून, इंजिन हाताने फिरवून रिंगचे सगळे दात दाखवा. खराब रिंगवर नवा सेल्फ बसवला, तर त्याचेही दात जाणार. आणि बिल? ते तुमच्याच नावावर!