अहवालातील कर्ता

कारखान्याच्या कारभाराचा भूमी, जल व समाज यांवर होणारा परिणाम चालक कितपत प्रकट करतात, हे कायद्याइतकेच त्यांच्या मनोवृत्तीवर अवलंबून असते. ही मनोवृत्ती अहवालातील आकड्यांपेक्षा वाक्यरचनेत लवकर सापडते, असे आम्हांस वाटते.

आजच्या राहाता तालुक्यातील लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, म्हणजे पेशाने अर्थशास्त्रज्ञ होते. सहकारी कारखान्यात अहवाल ऐकणारा सभासदच ऊस घालतो आणि त्याच शिवारातील विहिरीचे पाणी वापरतो. शेअरबाजारातील कंपनीचा भागधारक व तिचा शेजारी हे मात्र बहुधा निराळे असतात.

या कंपन्यांसाठी सेबीने २०२१ मध्ये शाश्वतता-अहवालाचा नमुना ठरविला. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक झाला. सहकारी कारखान्यांना तो लागू नाही. त्यांचा अहवाल १९६० च्या अधिनियमान्वये वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येतो. सेबीच्या नमुन्यात आकडेवारी पुष्कळ आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकास लक्षणीय वाटतो तो एक साधा प्रश्न : धोरणाच्या अंमलबजावणीस व देखरेखीस जबाबदार असा सर्वोच्च अधिकारी कोण? म्हणजेच हा नमुना कर्ता मागतो.

आपली अहवालभाषा कर्ता टाळण्यात तरबेज आहे. ‘सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यात आली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होय. पण कोणी केली, किती पाण्यावर केली आणि उरलेले कोठे गेले, हे त्यात नाही. याउलट गाळप विक्रमी झाले की ‘संचालक मंडळाच्या दूरदृष्टीमुळे’ असा कर्ता तत्परतेने हजर होतो! अर्थात ‘-ण्यात येणे’ ही कचेरीची जुनी सवयही आहे. त्यामुळे एकट्या वाक्यावरून लबाडीचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. एकाच अहवालातील यशाची व अपयशाची वाक्ये शेजारी ठेवून पाहावी.

मंडळाच्या रचनेचा संबंध येथेच येतो. २०१३ च्या कंपनी अधिनियमाप्रमाणे शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात, छपाईपूर्वी ‘कोणी?’ असे विचारणारा माणूस त्यामुळे निदान बैठकीत बसलेला असतो. सहकारात ते काम सभासदाचे. परंतु विचारणाऱ्यास अध्यक्ष विरोधक मानू लागले, की दोन्हीकडे प्रश्न बंद पडतो, आणि सभेतील विषय ‘मंजूर, मंजूर’च्या घोषात पुढे सरकतात. विद्यार्थ्यांनी एखाद्या कारखान्याचे पाच वर्षांचे अहवाल मिळवून गाळपाच्या व सांडपाण्याच्या वाक्यांतील कर्त्यांची नोंद करून पाहावी.