पर्ल हार्बरची चाहूल

अचानक हल्ला म्हटला कीं कोणालाहि कसलीहि चाहूल नव्हती, असें आपण गृहीत धरतों. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी विमानांनीं हवाई बेटांतील पर्ल हार्बर या अमेरिकन आरमारी तळावर घाला घातला, तेव्हां मात्र चाहूल लागली होती. आणि तीहि एकदांच नव्हे.

युद्ध जवळ आलें आहे, असा इशारा हवाईच्या आरमारप्रमुखांस २७ नोव्हेंबरलाच गेला होता. पण त्यांत नांवें होतीं फिलिपाईन्स, थायलंड आणि बोर्निओ यांचीं! हवाईंत भीति होती ती घातपात्यांची. म्हणून पहारा सोपा जावा यासाठीं तळावरचीं विमानें दाटीनें एकत्र उभीं केलीं होतीं.

त्या रविवारीं पावणेसातच्या सुमारास 'वॉर्ड' या विनाशिकेनें बंदराच्या तोंडाशीं एक लहानशी पाणबुडी बुडविली आणि तशी वर्दीहि दिली. वर्दीची खात्री करून घेण्यांत वेळ गेला. बेटाच्या उत्तर टोकास, ओपाना येथें, दोन शिपाई रडारयंत्रावर बसले होते. त्यांची पाळी सातलाच संपली होती. न्याहारीस नेणारी गाडी आली नव्हती, एवढ्यामुळेंच यंत्र चालू राहिलें. सात वाजून दोन मिनिटांनीं त्यांस सुमारें १३० मैलांवर विमानांचा मोठा थवा दिसला. त्यांनीं टेलिफोन केला. पलीकडच्या तरुण अधिकाऱ्यास ठाऊक होतें कीं, त्याच सकाळीं कॅलिफोर्नियाहून अमेरिकेचींच बाँबफेकी विमानें यावयाचीं आहेत. काळजीचें कारण नाहीं, असें त्यानें कळविलें. तीं विमानें खरोखरच वाटेवर होतीं! त्या अधिकाऱ्यास दोष देणें सोपें आहे. मला तें साधत नाहीं.

वॉशिंग्टनचा अखेरचा इशारा तर, बिनतारी यंत्रणेंत अडचण आल्यामुळें, साध्या व्यापारी तारेनें निघाला आणि हल्ला संपल्यावर पोंचला.

७ वाजून ५५ मिनिटांनीं बाँब पडूं लागले. सहा विमानवाहू जहाजांवरून सुमारें ३५० विमानें दोन लाटांनीं आलीं. दाटीनें उभीं असलेलीं विमानें जागच्या जागीं जळालीं. २,४०३ अमेरिकन माणसें दगावलीं. त्यांतलीं १,१७७ एकट्या 'ॲरिझोना' या युद्धनौकेवरचीं.

युद्धापासून दूर राहावें असें म्हणणारे त्या देशांत पुष्कळ होते. दुसऱ्या दिवशीं अमेरिकन काँग्रेसनें युद्ध पुकारलें, तेव्हां विरुद्ध मत पडलें तें एकच, जेनेट रँकिन या बाईंचें. त्यांनीं १९१७ सालींहि युद्धाविरुद्धच मत दिलें होतें.