समुद्राच्या पोटात डोकावताना

पैनगंगेकाठच्या हिमायतनगर परिसरात मासा म्हटलं की मरळ, रोहू, कटला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठायची आणि राणीची बाग, गेटवे करून तारापोरवाला मत्स्यालय बघायचं, हा मराठवाड्यातल्या कितीतरी कुटुंबांचा ठरलेला क्रम होता. मरीन ड्राइव्हवरच्या या मत्स्यालयाचं उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. २०१५ मध्ये त्याला नवं रूप मिळालं, डोक्यावरून मासे जाणारा १२ फुटी बोगदाही आला. पण २०२० च्या टाळेबंदीत दारं बंद झाली आणि नंतर इमारतीच्या दुरवस्थेमुळे ती बंदच राहिली. खारा समुद्र कधीच न पाहिलेल्या पोरांचं यात मोठं नुकसान झालं.

मग दुसरी वाट धरावी. रत्नागिरी-नागपूर महामार्ग नांदेडहून पुढे हदगाववरून जातो, म्हणजे हिमायतनगरच्या अगदी शेजारून. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, रत्नागिरीच्या झाडगाव भागात, सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं छोटंसं मत्स्यालय आहे. केंद्र १९५८ चं. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. इथे सिंहमासा दिसतो, शेवंड दिसते, समुद्रकाकडी, तारामासे आणि समुद्रघोडे दिसतात. शेजारच्या संग्रहालयात सुमारे ५५ फुटी देवमाशाचा सांगाडा आहे.

समुद्रघोड्याच्या काचेपाशी मात्र घाई करू नये. हा मासाच आहे, पण उभा पोहतो आणि शेपटीने गवताला विळखा घालून थांबतो. पाठीवरचा इवलासा पर इतक्या वेगाने थरथरतो की तो हलतोय हे कळायला डोळा स्थिर करावा लागतो. मादी अंडी घालते ती नराच्या पोटावरच्या पिशवीत. पिलं वाढवून ती बाहेर सोडायचं काम बापाचं. २००१ पासून वन्यजीव कायद्याने समुद्रघोड्यांना संरक्षण दिलं आहे.

मरळ ओळखणाऱ्या मुलांना इथे एक प्रश्न जरूर विचारावा: मासा पाणी पितो का? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बाहेरचं पाणी इतकं खारं, की माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. म्हणून समुद्रातला मासा पाणी पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून टाकतो. नदीतल्या मरळीचं उलट. तिच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, ते लघवीवाटे काढत राहावं लागतं. माशांचेच दोन संसार असे उलटसुलट चालतात, हे पुस्तकात वाचून कळतं. टाकीसमोर उभं राहिलं की पटतं.

टाकी सांभाळणं हे तर रोजचं कष्टाचं काम. माशांच्या शरीरातून सुटणारा अमोनिया त्यांच्यासाठीच विषारी. गाळणीत वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात, त्यामुळे टाकी भरली आणि लगेच मासे सोडले, असं चालत नाही. काचेवर टकटक करू नका, ही सूचनाही विनाकारण नसते: पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने पोचतो.

संशोधन आणि प्रदर्शन एका छपराखाली आणण्याची कल्पना जुनी आहे. आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने इटलीतल्या नेपल्सच्या किनाऱ्यावर केंद्र उभारलं आणि १८७४ मध्ये तिथलं मत्स्यालय लोकांसाठी उघडलं. तिकिटाच्या पैशांतून संशोधनाला हातभार लागावा, हा त्याचा हिशेब होता. रत्नागिरीचं मत्स्यालय त्याच वाटेवरचं आहे, आणि आकाराने लहान असणं हे त्याचं बलस्थान. मोठ्या बोगद्यात गर्दी पुढे ढकलते. इथे एका टाकीसमोर मूल मनसोक्त रेंगाळू शकतं.

शाळेची सहल नेणाऱ्या गुरुजींनी आधी सकाळी रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर दाखवावं. बांगडा, सुरमई उतरताना पाहिलेली मुलं मग टाकीतल्या माशांकडे वेगळ्या नजरेने बघतात. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे दिवाळीनंतरची सहल सोयीची.