अहवालातील ओळ आणि तिचा मोबदला

गिरणीतल्या विणकराला कापडाच्या मापाने मजुरी मिळे. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञाचेही पुष्कळसे तसेच आहे, असे सांगितले तर श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु त्याचेही माप ठरलेले आहे.

तेथील वैद्यक संघटनेने १९६६ साली एक सूची काढली. तिच्यात आज प्रत्येक तपासणीला पाच अंकी क्रमांक आहे. छातीची दोन कोनांतून घेतलेली क्ष-किरण तपासणी म्हणजे ७१०४६. यंत्र, खोली व तंत्रज्ञ यांचा एक हिस्सा; चित्र वाचून अहवाल लिहिण्याचा दुसरा. क्रमांकाला २६ हे शेपूट जोडले म्हणजे केवळ वाचनाचे पैसे मागितले, असे समजावे.

वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी योजनेने १९९२ पासून श्रम, खर्च व दाव्यांचा विमा यांना गुण दिले. गुणांना डॉलरच्या दराने गुणायचे. तो दर १९९२ मध्ये सुमारे ३१ डॉलर होता, २०२५ मध्ये सुमारे ३२! महागाईचे नाव नाही. शिवाय एकाचे गुण फार वाढले तर एकूण खर्च सांभाळण्यासाठी सर्वांचा दर खाली येतो. २०२१ साली दवाखान्यातील भेटींचे गुण वाढले आणि क्ष-किरणतज्ज्ञांना त्याची झळ लागली. हा प्रकार आम्हां कामगारांना नवा नाही.

आता खरी गोम पाहू. पोटाची संपूर्ण सोनोग्राफी ७६७००, मर्यादित ७६७०५. दुसरीला पैसे कमी. संपूर्ण म्हणवण्यासाठी अहवालात यकृत, पित्ताशय, पित्तनलिका, स्वादुपिंड, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडे, महारोहिणीचा वरचा भाग व अधोमहाशीर या सर्वांचा उल्लेख हवा. एखादे दिसले नसेल तर कारण हवे. डॉक्टरांनी प्लीहा पाहिली, पण लिहायची राहिली, तर हिशेबाच्या दृष्टीने ती पाहिलीच नाही.

हे क्रमांक लावणारे कोडर पुणे, नवी मुंबई, चेन्नई येथेही बसतात. प्लीहेची ओळ त्यांनी पदरची घालायची नाही. जाणूनबुजून खोटी मागणी करणे हा तेथील कायद्याने दंडनीय अपराध आहे. सरळ मार्ग म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणे. पण विचारण्यात वेळ जातो, आणि तो वेळ दिवसाच्या ठरलेल्या अहवालसंख्येत कोणी धरत नाही, अशी आमच्याकडे येणाऱ्या तरुण-तरुणींची तक्रार आहे.